वाळीत टाकलेला लाटसाहेब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिला नाही. पोरांना नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दादूला तर नाहीच नाही. दादू गेल्या वैशाखात गेला. आता त्या दिवसांतलं गावात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही — म्हणजे मला खोटा पाडायलाही कुणी नाही. अशा वेळी तोंड उघडण्यात कसला आलाय मोठेपणा? काही नाही. पण तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

आमच्या गावाची एक गोष्ट आहे. कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. गाव जागचं हललं नाही, जिल्हाच हलला. तर गोष्ट अशी, की बेचाळीसनंतरच्या धामधुमीत माळावरच्या बंगल्यात एक गोरा हेर राहत होता. त्यानं भूमिगत पोरांची चुगली केली, आणि गावानं त्याला वाळीत टाकून, काठीसुद्धा न उचलता, पळवून लावलं. दर पंधरा ऑगस्टला ही गोष्ट शाळेत सांगतात. सांगतात म्हणजे — मीच सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात, मला नारळ मिळतो.

गोष्टीतला बंगला खरा आहे. तीच आता शाळा आहे. गोरा खरा, वाळीत टाकणंही खरं. हेर तेवढा खोटा. शाळेत मी त्याला ‘तो’ म्हणतो, आज तुमच्यासमोर ‘ते’ म्हणणार आहे. तेवढं तरी करतो.

गाव त्यांना लाटसाहेब म्हणायचं. मुलखानं आयर्लंडचे. पण तिथंही त्यांचं घराणं इंग्रजच, पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारी केलेलं. कुळांना ते इंग्रज वाटायचे आणि लंडनला गेले की इंग्रजांना आयरिश. ना इकडचे ना तिकडचे. तरुणपणी लंडनच्या पार्लमेंटात बसायचे, आणि कुळांना जमिनी देऊ नका म्हणून तिथं त्यांनी एक भाषण ठोकलं होतं. ते भाषण म्हातारपणीही त्यांना पाठ होतं. मला म्हणून दाखवायचे, आणि संपलं की म्हणायचे, काय मूर्ख होता बघ हा पोरगा.

पुढं त्यांच्याकडं स्वातंत्र्याची लढाई पेटली. त्यांच्याच गावच्या पोरांनी त्यांची हवेली पेटवली. जाळायला आलेल्यांत त्यांच्या गाडीवानाचा मुलगा होता. चेहऱ्यावर फडकं बांधलं होतं, पण चाल कुठं लपते? दुसऱ्या दिवशी लष्कराचा अंमलदार नावं विचारायला आला, तर साहेब म्हणाले, धूर फार होता, काही दिसलं नाही. पुढं तीच मंडळी राज्यावर आली, आणि त्यांनी ह्या जळक्या घराच्या धन्याला आपल्या नव्या सभेत मानानं नेऊन बसवलं. मी विचारलं, साहेब, तुम्ही गेलात? ते म्हणाले, घर राहिलं नव्हतं, बसायला कुठंतरी खुर्ची हवी होती.

आमच्या माळावर ते आले ते भावाच्या मागं. भाऊ कालव्यांच्या खात्यात इंजिनियर. त्यानं बंगला बांधला आणि त्यातच वारला. साहेब बंगला विकायला आले आणि महायुद्ध सुरू झालं. बोटी बंद. अडकले ते अडकले. मी नुकता मॅट्रिक झालो होतो, काम नव्हतं. साहेबांना मराठी शिकवायची आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायचं अशी मला नोकरी लागली.

साहेब साधू नव्हते बरं का. चिडले की बूट फेकायचे. चहा इतका पातळ द्यायचे की कपाचा तळ दिसावा. आणि एकदा साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर माझ्या इंग्रजीची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. मीही हसलो. पण ते मनात राहिलं. का सांगतो आहे? कारण पुढं जे झालं ते निव्वळ भीतीनं झालं असं म्हणालो, तर तेही खोटंच होईल.

धडा रोज सकाळी व्हरांड्यात. नवा शब्द आला की साहेब तो दोनदा हळूच तोंडात घोळवायचे आणि विचारायचे, “म्हणजे काय?” मी अर्थ सांगायचा. ते मान हलवून म्हणायचे, “समजले.” शेवटपर्यंत ‘समजले’च म्हणायचे, पुस्तकातल्यासारखं.

आता दादू. तालमीतला माझा जोडीदार, शेजारच्या आळीतला. भूमिगत झाला तेव्हा बंगल्यामागच्या डोंगरात, घळीत लपलेला असायचा. त्याच्या आईनं भाजलेल्या भाकऱ्या आणि खर्डा पिशवीत घालून मी धड्याला यायचो, आणि धडा झाला की मागच्या वाटेनं डोंगरात. गोऱ्याच्या बंगल्यात जाणाऱ्या मास्तरावर कोण संशय घेणार? सगळ्यांना ही युक्ती फार आवडली होती.

एके दिवशी पिशवी कलंडली आणि भाकरीचं फडकं बाहेर आलं. साहेबांनी पाहिलं. ते उठून आत गेले, अर्धा पाव आणि लोण्याची वाटी घेऊन आले, फडक्यात ठेवली आणि म्हणाले, धावणाऱ्या माणसाला दोन भाकऱ्या पुरत नाहीत. बस. कोण, कुठं, कशाला — एक शब्द नाही. त्यानंतर धडा संपला की टेबलावर पाव असायचाच.

आणि मग दादू धरला गेला. घळीला पोलिसांनी वेढा घातला, तो पळाला, गुडघ्यात गोळी बसली. बाजेवर घालून त्याला खाली आणलं तेव्हा त्याची आई वेशीत उभी होती. ती रडली नाही. बघणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्याही.

पोरांनी भैरोबाच्या देवळात बैठक बोलावली. त्यांचा म्होरक्या आबा. मितभाषी माणूस, पण त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्याला ज्याला घळ माहीत होती त्यानं बेल-भंडारा उचलायचा असं ठरलं. तुम्हाला ठाऊक असेल — ओंजळीत बेलाचं पान आणि हळद घेऊन शपथ घ्यायची. खोटा उचलला तर वंश बुडतो. त्यापुढं पुरावा नाही, साक्ष नाही, प्रश्न नाही. आमच्याकडं माणूस कोर्टात डोळे मिटून खोटं बोलेल, पण बेल-भंडाऱ्याला हात लावताना दहादा विचार करेल. म्हणून तर ज्यानं उचलला तो सुटला.

मी उचलला. म्हणालो, मी कुणाला सांगितलेलं नाही.

आबा म्हणाला, “मग आनि कुनाला ठावं हुतं?”

माझ्या तळहातावरची हळद घामानं भिजून पिवळी धार मनगटाकडं निघाली होती. मी म्हणालो, “लाटसाहेबाला.”

आबानं माझ्याकडं पाहिलं. “त्याला कसं?”

“भाकरी बघितली त्यानं. पाव बी दिला.”

म्हणजे बघा. त्यांच्या चांगुलपणाचाच मी पुरावा केला.

मग खरं कुणी सांगितलं होतं? तुम्ही ओळखलंच असेल. मी. तासगावच्या बाजाराहून येताना वाटेत मला एका फौजदारानं हटकलं, चौकीत नेलं, खुर्ची दिली. मारलं नाही. शिवी दिली नाही. मारलं असतं तर आज सांगायला काहीतरी असतं. त्यानं चहा मागवला — दाट, साखरेचा, बंगल्यातल्यासारखा पातळ नव्हे — आणि म्हणाला, तू शिकलेला दिसतोस, तुझ्याशी बोलायला बरं वाटतं. नोकरीचं काय, घरी कोण कोण, असं चाललं होतं. आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाला, पोरं त्या डोंगरातच असतात ना? मी म्हणालो, घळीत. का म्हणालो? मी कैक वर्षं हा एकच प्रश्न उलटासुलटा करून पाहिला आहे. बाहेर एक पोलीस पट्टा सरळ करत उभा होता, ते मला दिसत होतं. पण खरं सांगू? भीतीपेक्षा मला त्या खुर्चीत बसणं आवडलं होतं. चहा मी पूर्ण प्यायलो.

बरं, एवढंच असतं तर ते मी दादूला कधीतरी सांगितलंही असतं. सांगायला बसलोय ते ह्याच्या पुढचं आहे.

गोऱ्या माणसाला पोरं हात लावणार नव्हती; लावला असता तर सगळं गाव पोलिसांनी झोडपून काढलं असतं. चावडीवर ठरलं — वाळीत. बलुतं बंद. न्हावी जाणार नाही, परीट जाणार नाही, कावडीनं पाणी घालणारा कोळी जाणार नाही, दूध नाही, दाणा नाही, बोलणं नाही. परटानं साहेबांचे कपडे भिजलेलेच बोचकं करून व्हरांड्यात टाकले. स्वयंपाकीण पदर तोंडाला लावून निघून गेली.

मलाही नोकरी सोडायची होती. तसं सांगायला गेलो. साहेब व्हरांड्यात, दाढीचे खुंट वाढलेले. मला वाटलं होतं ते बूट फेकतील. ते मला बसायला सांगून स्वतःच्या लहानपणाचं सांगायला लागले. त्यांच्या वडिलांना कुळांनी असंच वाळीत टाकलं होतं. घोड्याला नाल ठोकायला लोहार येईना, पाववाला पाव देईना. गोठ्यात गाई हंबरायच्या, धार काढायला माणूस नाही. त्यांची आई, मोठ्या घरची लेक, हातमोजे घालून गाईखाली बसली आणि गाईनं तिला लाथ मारली. हे सांगताना ते हसले. म्हणाले, मी वडिलांना विचारलं, आपण काय केलं? शेवटी मला दाईनं सांगितलं. पीक बुडालेल्या कुळांना वडिलांनी भर थंडीत घराबाहेर काढलं होतं.

मग माझ्याकडं वळून, इंग्रजीतच, अगदी शांतपणे म्हणाले, तेव्हा आम्ही खरंच केलं होतं. या वेळी मी काय केलं, तुला ठाऊक आहे का?

मी म्हणालो, नाही साहेब.

ते म्हणाले, बरं. आणि टेबलावरचा शिळा पाव उचलून, सवयीनं, माझ्यापुढं केला. मी घेतला नाही.

गावच्या विहिरीवर त्यांना बंदी होती. म्हणून साहेब बादली घेऊन ओढ्यावर जाऊ लागले, खालच्या अंगाला. खरं तर त्या जागी पाणी भरणारी माणसं आमच्या गावात आधीपासून होतीच. त्यांना वाळीत टाकायची गरज कधी पडली नव्हती. पण ती गोष्ट मी पंधरा ऑगस्टला सांगत नाही. ती माणसं साहेबांना वाट करून द्यायची, बोलायची मात्र नाहीत. गावचा हुकूम त्यांना आमच्याहून जास्त भारी पडायचा.

उन्हं तापली आणि माणदेशातून मेंढरं खाली आली. दरसाल यायची. त्यांत एक धनगराची म्हातारी होती. तिला गावचा निर्णय काय माहीत? मी पलीकडच्या बांधावर होतो. पाहिलं तर साहेब ओढ्यात वाकलेले, बादली उचलताना पाय घसरून गुडघ्यावर बसलेले, आणि ही म्हातारी त्यांचा दंड धरून त्यांना उठवते आहे. झाडाखाली बसवलं. शेळी धरून तिथल्या तिथं धार काढली आणि लोटा त्यांच्या हातात दिला.

मी काय करायला हवं होतं? दुसरीकडं तोंड फिरवता आलं असतं. एवढंच करायचं होतं. पण वरच्या वाटेवर आबाची दोन माणसं चालली होती, आणि ती माझ्याकडं बघत होती. मी बांधावरून उतरलो. धावतच उतरलो.

“आजी, त्याला काय देऊ नगंस. वाळीत हाय त्यो.”

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं. “आरं, तान्हेलंय ते. म्हातारं मानूस हाय. वाळीत म्हंजी, केलंय तरी काय त्यानं?”

आणि मी त्यांच्यासमोर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून, मीच शिकवलेल्या भाषेत म्हणालो, “चुगली केली त्यानं.”

साहेबांनी लोटा तोंडाला लावलेला नव्हता. त्यांनी मान वर केली. तो शब्द धड्यात कधी आला नव्हता. त्यांनी तो दोनदा हळू म्हणून पाहिला, रोजच्यासारखा. चुगली. चुगली. आणि मला विचारलं, “म्हणजे काय?”

वाटेवरची दोघं थांबली होती. म्हातारी बघत होती. मी अर्थ सांगितला. म्हणालो, “म्हणजे — आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं, दुसऱ्याला जाऊन सांगणं.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “समजले.”

काय समजलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मला विचारायची गरज पडली नाही. ते हळूच उठले. लोट्यातलं दूध एक थेंबही न सांडता म्हातारीच्या भांड्यात परत ओतलं. तिला म्हणाले, “बाई, तुम्ही जावे. गाव तुम्हाला त्रास देईल.” ही गोष्ट त्यांना लहानपणापासून माहीत होती — वाळीत टाकलेल्याला जो घोटभर देतो, त्याचंच आधी मरण होतं. बादली अर्धी भरलेली होती. ती घेऊन ते चढाला लागले.

म्हातारी माझ्याकडं वळली. “मास्तर हायस व्हय रं तू?” म्हणाली. मी हो म्हणालो. तिनं शेळी सोडून दिली.

हे ते. चहा नव्हे, बेल-भंडारा नव्हे, हे. तहानलेल्या माणसाच्या हातातला लोटा मी खाली ठेवायला लावला, आणि माझं पाप त्यालाच, अर्थासकट, शिकवलं. आणि धावत बांध उतरताना मला थोडी मजा वाटली होती. त्या पाहुण्यांसमोर हसला होतात ना माझ्यावर? घ्या. असं काहीतरी. तेही लपवत नाही.

काही दिवसांनी तोच फौजदार बंगल्यावर गेला. पोरांची नावं सांगा, संरक्षण देतो, गावाला वठणीवर आणतो म्हणाला. त्याच्यासोबत गेलेल्या शिपायानंच पुढं मला हे सांगितलं. साहेब म्हणाले, माझे डोळे गेले आहेत, मला इथली सगळी माणसं सारखीच दिसतात. त्यांना माझं एक नाव घेता आलं असतं. भाकऱ्या कोण नेत होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? घेतलं असतं तर मी तुरुंगात गेलो असतो — आणि गंमत बघा, खरा देशभक्त होऊन बाहेर आलो असतो.

पावसाच्या आधी ते गेले. गाडी जुंपायला कुणी तयार नव्हतं, म्हणून पिशवी खांद्यावर टाकून स्टेशनपर्यंत चालत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, गप्प. मीही होतो. माझ्यासमोरून जाताना त्यांनी टोपीला हात लावला. तो मला होता की सगळ्यांना, ते मी ठरवू शकलेलो नाही. पुढं त्यांचं काय झालं, घरी पोचले की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

स्वातंत्र्य आलं, दादू सुटून आला. पाय कायमचा वाकडा. वेशीतच मला मिठी मारली आणि म्हणाला, “त्या गोऱ्याला चांगला हिसका दावलास गड्या. माझ्या पायाचं सोनं झालं.” तालमीत तो पुन्हा उतरला नाही. बंगल्यात शाळा झाली, त्या शाळेत मी मास्तर झालो, हेडमास्तर झालो. ज्या व्हरांड्यात धडा व्हायचा तिथंच पंधरा ऑगस्टचा झेंडा लागतो. मी गोष्ट सांगायचो आणि दादू शेजारी खुर्चीवर, पाय लांब करून, मान डोलवत ऐकायचा. वंश बुडाला नाही. तीन मुलं झाली, नातवंडं झाली, सगळी धडधाकट. देवानं काहीच केलं नाही.

मी स्वतःला सांगत आलो की दादूसाठी गप्प आहे. त्याच्या पायाला काही अर्थ राहावा म्हणून. त्याच्या म्हातारपणी कशाला त्याचा मित्रही हिरावून घ्यायचा? बरं वाटायचं असं म्हणायला. मी चांगला माणूस वाटायचो मला.

मग दादू गेला. पुढच्याच पंधरा ऑगस्टला शाळेची मुलं मला न्यायला आली. शेजारची खुर्ची रिकामी होती. आता कुणासाठी गप्प राहायचं कारण नव्हतं. मी उभा राहिलो, व्हरांड्याकडं हात केला, आणि म्हणालो, “पोरांनो, इथं एक गोरा हेर राहत होता.” आणि शेवटपर्यंत सगळी गोष्ट सांगितली, जशी दरवर्षी सांगतो तशी.